रिमॅप करण्याआधी

2015 मध्ये फियाटने भारतात ‘अबार्थ पुंटो’ आणली तेव्हा तिच्या 1.4 लिटर टी-जेट इंजिनाची ताकद 145 बीएचपी होती. त्याच घराण्यातलं टी-जेट इंजिन कंपनीच्या ‘लिनिया’त आधीपासून होतं, आणि तिथे ते साधारण 114 बीएचपी देत होतं. दोन्ही गाड्या पुण्याजवळ रांजणगावला बनत. क्षमता तीच, सिलिंडर तेवढेच, तरी तीस बीएचपींचा फरक. टर्बो इंजिनात कंपनी काही ताकद हातची राखून ठेवते. ती का राखली, हे समजून घेतल्याशिवाय तिला हात लावू नये, एवढंच या लेखात सांगायचं आहे.

आपल्याकडे गाडीची ताकद वाढवण्याच्या छंदाची सुरुवात बहुतेकदा सेकंड हँड पोलो जीटी टीएसआयपासून होते. चाकणच्या कारखान्यातून 2013 मध्ये आलेली ही गाडी. 1.2 लिटरचं टर्बो इंजिन, 105 बीएचपी, आणि 175 न्यूटनमीटर टॉर्क, तोही 1500 आरपीएमपासून. पोलोचं भारतातलं उत्पादन 2022 मध्ये थांबलं, पण चाहते कमी झाले नाहीत. गाडी दारात आली की आठवड्याभरात प्रश्न येतोच : रिमॅप करून घेऊ का?

आधी रिमॅप म्हणजे काय ते पाहू. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण 14.7 ग्रॅम हवा लागते. म्हणजे ताकद वाढवायची तर इंजिनात जास्त हवा कोंबायची आणि त्या प्रमाणात पेट्रोल द्यायचं. बिनटर्बोच्या इंजिनाला हवा स्वतःच ओढून घ्यावी लागते. त्यामुळे तिथे नुसत्या रिमॅपने फार तर चार-पाच बीएचपी हाती लागतात, आणि त्यासाठी पैसे घालवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. टर्बो मात्र हवा दाबून आत ढकलतो. किती दाबायची, स्पार्क कधी द्यायचा, पेट्रोल किती सोडायचं, हे सगळं ईसीयूमधल्या, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकातल्या, तक्त्यांवर ठरतं. त्या तक्त्यांची फाइल नव्याने लिहिणं म्हणजे रिमॅप. छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनात याने पंधरा-वीस टक्के ताकद वाढणं अजिबात अवघड नाही. टॉर्क तर त्याहून जास्त वाढतो, आणि ओव्हरटेक करताना जाणवतो तो टॉर्कच.

मग कंपनीनेच ती ताकद का दिली नाही? कारण कंपनीला ती गाडी कोण, कुठे, कशी चालवणार हे माहीत नसतं. मे महिन्यात चंद्रपूरच्या 45 अंशांत, पाच माणसं बसवून, तालुक्याच्या पंपावरच्या 91 ऑक्टेनवर, ऑइल बदलायचं राहून गेलेल्या गाडीनेही घाट चढला पाहिजे. राखीव ताकद या सगळ्यासाठी असते.

आणि इथला खरा शत्रू आहे नॉकिंग. सिलिंडरमध्ये दाब आणि उष्णता हद्दीबाहेर गेली की स्पार्कपासून निघालेली ज्योत पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं. खडखड असा धातूचा आवाज येतो. हे वारंवार झालं तर पिस्टनच्या रिंगांमधली भिंत तुटते. नॉक सेन्सर हे ऐकतो आणि ईसीयू स्पार्क उशिरा द्यायला लागतो, म्हणजे ताकद कमी करतो. म्हणून 95 किंवा वरच्या ऑक्टेनसाठी लिहिलेली फाइल चढवून 91 चं पेट्रोल भरलं, तर पैसे गेलेच आणि इंजिनाचा धोकाही वाढला. तुमच्या गावात, तुमच्या रोजच्या रस्त्यावर कुठलं पेट्रोल नेहमी मिळतं, ते आधी बघा. रिमॅप करून देणाऱ्या ट्यूनरला तेच सांगून फाइल मागा.

थेट इंजेक्शनच्या छोट्या टर्बो इंजिनांना आणखी एक दुखणं असतं. वरच्या गिअरमध्ये, अगदी कमी आरपीएमवर, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तर स्पार्कच्याही आधी मिश्रण पेटू शकतं. नॉकिंगपेक्षा हा फटका जबर असतो. तो टाळण्याचा विचार करूनच एपीआय ‘एसपी’ दर्जाचं ऑइल आलं आहे. ते वापरा, आणि रिमॅप केलेल्या गाडीत गिअर खाली घेतल्याशिवाय जोर लावू नका.

हवा दाबली की तापते, तापलेली हवा विरळ असते. ती थंड करायचं काम इंटरकूलरचं. सलग दोन-तीनदा पूर्ण जोर लावल्यावर गाडी मरगळली तर इंटरकूलर कमी पडतोय असं समजा. याच टर्बोचा फायदा मात्र घाटात कळतो. महाबळेश्वरच्या उंचीवर हवा विरळ होते, तिथे साधं इंजिन दमतं. टर्बो ती तूट बऱ्याच अंशी भरून काढतो.

आता गिअरबॉक्स. पोलो जीटी टीएसआयच्या सात गिअरच्या डीएसजीत कोरडे क्लच आहेत आणि त्याची मूळ मर्यादा 250 न्यूटनमीटर आहे. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये हे क्लच आधीच तापतात. टॉर्क या मर्यादेच्या बराच खाली ठेवणारा ट्यूनर शहाणा. ‘अजून वाढवून देतो’ म्हणणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

एअर फिल्टर आणि फ्री फ्लो सायलेन्सर यांबद्दल थोडक्यात. नुसत्या फिल्टरने आवाज वाढतो, वेग फारसा नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडं शेजाऱ्याच्या फुप्फुसात सोडून मिळवलेल्या पाच बीएचपींना काही किंमत नाही. शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांवर बंधन घालतं, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकतं. न कळवता बदल केला तर विम्याचा दावाही अडकू शकतो. वॉरंटीतल्या गाडीला तर हातच लावू नका.

खर्चाचा पहिला हप्ता मात्र यांपैकी कशावरही नको. ताशी 100 ऐवजी 120 ने जाणारी गाडी थांबवायला ब्रेकना 44 टक्के जास्त ऊर्जा पचवावी लागते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. जीटी टीएसआयच्या मागच्या चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि तापल्यावर त्यात वाफ झाली की पेडल थेट खाली जातं; म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचं. मग चांगले पॅड, आणि चांगले टायर. कडक झालेल्या सहा-सात वर्षं जुन्या टायरवर वाढलेला टॉर्क टाकला, तर पावसात ताम्हिणीच्या पहिल्याच वळणावर गाडी सरळ जाईल. त्यानंतर स्पार्क प्लग, कॉइल, कूलंटची गळती, कॉम्प्रेशन टेस्ट. यात काही नापास झालं तर रिमॅपचे पैसे दुरुस्तीवर लावा.

वेग अजमावायचा तर रस्ता सोडून ट्रॅकवर. कोइम्बतूरचा करी स्पीडवे आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे, आणि आपल्या लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ची ड्रॅग शर्यत भरत आली आहे. एक्स्प्रेसवे ही त्याची जागा नाही.

ट्यूनरकडे गेलात तर दोन गोष्टी मागा. एक, रिमॅपच्या आधीचा आणि नंतरचा डायनोचा आलेख, एकाच दिवशी एकाच यंत्रावर काढलेला. डायनो चाकांपाशी ताकद मोजतो, म्हणून आकडा कंपनीच्या आकड्यापेक्षा कमीच दिसणार. दोन आलेखांमधला फरक तेवढा बघायचा. दुसरी, तुमच्या गाडीची मूळ फाइल. यातलं एक जरी द्यायला तो कचरला, तर चावी परत घ्या आणि तिथून निघा.