सहा वेळा ‘लोणावळा’

‘लोणावळा’ हा शब्द आजच्या मोबाईलमध्ये साठवायला 21 बाइट लागतात. युनिकोडच्या रूढ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, अगदी कान्यालाही, 3 बाइट. आता अटारी 2600 बघा. 1977 साली अमेरिकेत आलेल्या या घरगुती व्हिडिओ गेमच्या यंत्राची रॅम होती 128 बाइट. म्हणजे ‘लोणावळा’ सहा वेळा सलग लिहिलं की उरले दोन! खेळाडू कुठे आहे, गोळी कुठे पोचली, गुण किती, हे सगळं एवढ्यात बसवायचं.

पडद्यावरचं चित्र साठवायला मग जागाच नव्हती. टीव्हीचा किरण एकेक रेषा ओढत जाई आणि प्रोग्रॅम त्याच्या बरोबरीने ती रेषा जुळवत राही. आपल्याकडच्या जुन्या टीव्हीवर अशा रेषा सेकंदाला 15,625. एका रेषेला सेकंदाचे 64 दशलक्षांश भाग मिळत. एक्स्प्रेसवेवर ताशी 100 किलोमीटरने निघालेली गाडी तेवढ्यात जेमतेम पावणेदोन मिलिमीटर सरकते. प्रोसेसरचे ठोके त्या अवधीत 76, आणि सर्वांत सोप्या आज्ञेलाही दोन ठोके लागत. म्हणजे रेषेमागे फार तर 38 आज्ञा.

आपल्या घरांत व्हिडिओ गेमचं वेड पसरलं ते नव्वदच्या दशकात. निन्टेन्डोच्या 1983 च्या फॅमिकॉम या यंत्राच्या नकला ‘लिटल मास्टर’सारख्या नावांनी आल्या. कॅसेट फुंकून खोचायची आणि टीव्हीचा चॅनल जुळवायचा. काही कॅसेटींवर ‘99,99,999 गेम्स’ असं छापलेलं असे. प्रत्येकाला एकच मिनिट दिलं तरी न थांबता 19 वर्षं खेळावं लागलं असतं. प्रत्यक्षात वेगळे खेळ बोटांवर मोजण्याइतके, बाकी त्यांचीच पुनरावृत्ती.

त्यातला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (1985) मात्र अस्सल करामत. 32 टप्पे, संगीत, शत्रू, सगळं मिळून 40,960 बाइट. भुशी डॅमवर काढलेला 4 एमबीचा एक फोटो घेतला, तर त्यात असे 102 मारिओ मावतात. पडद्यावर ठिपके 61,440. ठिपक्यामागे एक बाइट धरला, तर एकाच पडद्याचं चित्र अख्ख्या खेळापेक्षा मोठं होईल. म्हणून पडदा 960 चौकटींत वाटला आणि ठरावीक 256 तुकडे पुन्हापुन्हा वापरले. एका तुकड्याला 16 बाइट. मारिओमधला ढग आणि जमिनीवरचं झुडूप नीट बघा: आकार तोच, फक्त पांढऱ्याचा हिरवा केलाय. इतकी देखणी काटकसर मला दुसऱ्या कुठल्या यंत्रात दिसलेली नाही.

गुण आणि टप्पा 2,048 बाइटच्या रॅममध्ये असत. वीज गेली की तेही गेले. मावळातल्या पावसाळ्यात ज्यांनी मारिओ खेळलाय, त्यांना आठव्या वर्ल्डवरून थेट पहिल्यावर येणं म्हणजे काय ते सांगायला नको.

आज तळेगाव-लोणावळ्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत शिकणाऱ्या मुलांकडे यापेक्षा लाखो पट मेमरी आहे. त्यांनी एकदा तरी 128 बाइटमध्ये बसणारा खेळ लिहून बघावा.