सोनेरी जाळं विणणारा कोळी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सात रस्ता चौकातून बस धरून आंबोली किंवा कोयनेकडे पावसाळी सहलीला जाणाऱ्या सोलापूरकरांना जंगलात हे जाळं दिसू शकतं : दोन झाडांमध्ये ताणलेलं, मीटरभर रुंद, उन्हात पिवळंधमक. विणणारीचं नाव नेफिला पिलिपेस. तिला पाहून अनेकांचा हात पहिल्यांदा काठीकडे जातो, तो ऐकीव गोष्टींमुळे.

गैरसमज : एवढा मोठा कोळी जहरी असणारच.
वस्तुस्थिती : त्याचं विष किडे गारद करण्यापुरतं असतं. चिमटीत धरला तर चावतो. आग होते, सूज येते आणि उतरते.

गैरसमज : कोळी अंगावर मुतला की फोड येतात.
वस्तुस्थिती : पावसाळ्यात असे चट्टे अनेकदा पेडेरस या भुंगेऱ्यामुळे उठतात. काळा-नारिंगी, मुंगीसारखा लांबट हा किडा रात्री दिव्याकडे येतो. मानेवर बसला आणि आपण तो चिरडला, की त्याच्या अंगातलं पेडेरिन कातडीला लागतं. दुसऱ्या दिवशी तिथे लाल पट्टा आणि फोड दिसतात. कधी ती नागीणही असते, म्हणून डॉक्टरांना दाखवावं.

गैरसमज : जाळ्यातला चिमुकला कोळी म्हणजे मादीचं पिल्लू.
वस्तुस्थिती : तो बहुधा नर. मादीचं शरीर ३ ते ५ सेंटीमीटर, नर जेमतेम ५-६ मिलिमीटर. मिलनानंतर मादी त्याला खातेच असंही नाही. तो तिच्या पाठीवर बारीक धागे पसरतो. त्या स्पर्शानं ती शांत होते.

गैरसमज : या रेशमावर गिरणी चालेल.
वस्तुस्थिती : सोलापूरसारख्या चादरींच्या गावात हा विचार येणारच. पण रेशीमकिडे तुतीच्या पाल्यावर एकत्र वाढतात, कोळी एकत्र ठेवले तर एकमेकांना खातात. २०१२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात एक सोनेरी अंगरखा मांडला होता. त्यासाठी मादागास्करमध्ये नेफिलाच्याच नात्यातल्या सुमारे १२ लाख माद्या पकडून, धागा ओढून, सोडून द्याव्या लागल्या. त्या कापडाला रंग दिलेला नव्हता; तो धाग्याचाच.

नेफिला रोज नवं जाळं विणत नाही. तेच डागडुजी करून वापरते. तेव्हा पायवाटेवर ते आडवं आलं, तर काठी खाली ठेवा आणि वाट थोडी वाकडी करा.