ज्याची गाडी, त्याचा भाव!

सकाळची भांडी आवरत नाहीत तोच गल्लीत आरोळी येते, 'भंगाऽऽर, रद्दीऽऽ, प्लास्टिक!' आपण रद्दी, तेलाचे डबे, फुटकी बादली काट्यावर टाकतो, दोन-पाच रुपयांसाठी घासाघीस करतो आणि दार लावून घेतो. पण मैत्रिणींनो, त्या भंगाराचं पुढे काय होतं, याचा विचार कधी केलाय?

बचत गटाच्या कामामुळे अमरावतीतल्या अशाच एका घरी माझं जाणं-येणं आहे. नवरा हातगाडीवर माल गोळा करायचा आणि बायको अंगणात बसून निवडायची. लोखंड वेगळं, पुठ्ठा वेगळा, बाटल्या वेगळ्या. बाटल्यांची झाकणंसुद्धा वेगळी, कारण त्यांचं प्लास्टिक निराळं असतं. मालाला खरी किंमत येते ती या निवडण्यामुळे. भाव मात्र ठरवायचा दारात गाडी घेऊन येणारा व्यापारी. अंगणात ढीग साचलेला, वर आभाळ भरून आलेलं आणि भिजला की पुठ्ठ्याचा भाव पडणार! 'नाही' म्हणायची सोयच नव्हती.

शेवटी तिने गटातून कर्ज काढलं, साठवलेलं होतं-नव्हतं ते घातलं आणि एक जुना 'छोटा हत्ती' दारात आला.

ही गाडी म्हणजे टाटा मोटर्सची 'एस'. मे २००५ मध्ये ती बाजारात आली. गिरीश वाघ यांच्या चमूने ती घडवली. दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, पाऊण टन माल वाहायची ताकद आणि गल्लीबोळात वळेल एवढाच आकार. गाडी तयार करण्याआधी या मंडळींनी तीनचाकी टेंपोवाल्यांना त्यांची गरज विचारली होती. त्यांच्यापैकी एकजण म्हणे म्हणाला, की दाराशी चारचाकी असली तर सोयरीक चांगली जुळते! हसू येतं खरं, पण प्रतिष्ठा म्हणजे काय, ते त्या बिचाऱ्याला नेमकं ठाऊक होतं.

गाडी आली म्हणजे झालं, असं मात्र नाही. एक लिटरच्या साधारण चाळीस रिकाम्या बाटल्यांचं मिळून एक किलो वजन होतं. म्हणजे पाऊण टनासाठी तीस हजार बाटल्या लागतील! तेवढ्या गाडीत मावणार कशा? भंगाराची गाडी वजनाने भरायच्या आधी आकारानेच भरते आणि डिझेल जळतं ते हवा वाहून नेण्यात. म्हणून बाटल्या चेपायच्या, खोकी उलगडून सपाट करायची, खाली लोखंड, मध्ये पुठ्ठा आणि वर बाटल्यांची पोती. हे गणित बसवलं ते तिने. जिने संसाराचा डबा-डबा रचून ठेवलाय, तिला ते जमणारच!

आता ती अमरावतीत भाव विचारते, अकोल्यालाही फोन लावते. जिथे चार पैसे जास्त, तिकडे गाडी भरून निघते. बडनेरा, मूर्तिजापूर करत अकोला शंभरेक किलोमीटर. हा रस्ता वर्षानुवर्षं खड्ड्यांसाठी बदनाम होता. जून २०२२ मध्ये याच मार्गावर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि गिनीज बुकात नोंद झाली. ती मला म्हणाली, "ताई, हातगाडी होती तवा भाव तो सांगे. आता भाव मी इचारतो." आज आजूबाजूचे हातगाडीवाले तिच्याकडे माल आणून टाकतात. निवडायला दोन बायका कामावर आहेत. अंगणावर टिनाचं शेडही आलंय.

पुण्यात १९९३ मध्ये 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. पुढे या संघटनेने भंगाराची स्वतःची दुकानंही चालवली. काटा आपल्या हातात असला की मापात मार बसत नाही, हा त्यामागचा साधा हिशेब. काट्याचं जे, तेच गाडीचं.

पण एक गोष्ट मला खटकत होती. कर्ज तिच्या नावावर, हप्ता ती भरणार आणि गाडीचे कागद नवऱ्याच्या नावावर! 'बाईच्या नावाने गाडी कायले?' असं सगळ्यांनी गृहीतच धरलेलं. दुसऱ्या गाडीसाठी तिने अर्ज केला, तेव्हा गटातल्या एका वयस्क सासूबाईंनीच भर बैठकीत विचारलं, "हप्ता कोन भरते? मंग नाव कोनाचं पाह्यजे?" सगळ्या गप्प. नवी गाडी तिच्या नावावर झाली.

आणि आता तर चालवायलाही अडचण नाही. साध्या कारच्या परवान्यावर ७५०० किलोंपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. छोटा हत्ती भरलेला असला तरी या मर्यादेच्या कितीतरी आत बसतो.

शेवया, पापड, मसाला, भाजी, भंगार... मैत्रिणींनो, गटातून कर्ज काढून आपण किती काय काय करतो. पण माल बाजारात कोणाच्या गाडीतून जातो आणि त्या गाडीच्या कागदावर कोणाचं नाव आहे? पुढच्या बैठकीत हा प्रश्न विचारून तर बघा!