चोंडीचा पाटीलवाडा आणि आपल्या गांवच्या गढ्या

आपल्या जिल्ह्यांतील जामखेड तालुक्यांत सीना नदीच्या कांठीं चोंडी हें खेडें आहे. तेथील माणकोजी शिंदे पाटील यांच्या घरीं ३१ मे १७२५ रोजीं अहिल्याबाईंचा जन्म झाला. पुढें होळकरांच्या घरीं सून म्हणून जाऊन त्यांनीं १७६७ पासून १७९५ पर्यंत माळव्याचा कारभार पाहिला. आणि २०२४ सालीं जिल्ह्यासही त्यांचें नांव मिळालें. महेश्वरचा वाडा सर्वांस ठाऊक आहे; परंतु त्यांचें बालपण शेतकरी पाटलाच्या घरीं गेलें, हें आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

शिंद्यांचा वाडा स्मारक म्हणून जतन केला आहे. ६ मे २०२५ रोजीं राज्य मंत्रिमंडळाची बैठक चोंडीस भरून स्मृतिस्थळाच्या सुमारें ६८१ कोटी रुपयांच्या आराखड्यास मान्यताही मिळाली. ही गोष्ट आनंदाची होय. परंतु ज्या वाड्यांत कोणी थोर व्यक्ति जन्मली नाहीं, त्यांची काळजी कोणीं वाहावी?

दगडी जोतें, त्यावर भाजक्या विटांची अगर पांढऱ्या मातीची भिंत, लांकडी खांब व तुळया, आणि वर माळवद, ही आपल्याकडील जुन्या वाड्यांची सामान्य रचना. अशा घराचा मुख्य शत्रु पाणी. मृगापूर्वीं माळवदावरील गवत उपटून मातीचा थर सारखा न केल्यास पाणी आंत मुरतें, तुळई कुजते व भिंत फुगते. कित्येक लोक यावर सिमेंटचा गिलावा करितात. तो दिसावयास बळकट. परंतु ओल आंतच कोंडते, क्षार फुटतात व विटांचे पापुद्रे निघूं लागतात. चुन्याचा गिलावा ओल बाहेर जाऊं देतो. सबब दुरुस्ती चुन्यानेंच करावी.

दुसरें नुकसान आपणच करितों. गढीची पांढरी माती पिकास मानवते, म्हणून ती गाड्या भरून शेतांत नेण्याची चाल जुनी आहे. राख, शेण व केरकचरा पिढ्यान्‌पिढ्या मुरल्यानें तिला कस येतो, हें खरें. पण कस शेणखतानें व हिरवळीच्या खतानेंही आणतां येतो. खणून नेलेली गढी मात्र पुनः उभी करतां येत नाहीं.

तेव्हां आमची सूचना एवढीच, कीं गांवकऱ्यांनीं गढीच्या पायथ्याची खणाई आजच थांबवावी, आणि येत्या पावसाळ्यापूर्वीं माळवदें नीट करून पन्हळी मोकळ्या कराव्या. यास कोटी रुपये लागत नाहींत. चार माणसें, दोन टोपल्या व एक दिवस पुरे.