पाच चुकांच्या आत

हमद टाउनमध्ये पत्ता विचारला की राउंडअबाउटचा आकडा सांगतात. ‘दहाच्या पुढे, डावीकडे’ एवढ्यावर माणूस बरोबर पोचतो. ऐंशीच्या दशकात बहारीनच्या सरकारने वसवलेल्या या गावात राउंडअबाउटना क्रमांक, इमारतीला क्रमांक, रस्त्याला क्रमांक, ब्लॉकला क्रमांक. प्रत्येकाच्या खिशात सीपीआर कार्ड; त्यावरच्या नऊ आकड्यांपैकी पहिले चार म्हणजे जन्माचं वर्ष आणि महिना. इथल्या एखाद्या कंपनीच्या लॉगिनची तपासणी हाती आली, की माझी पहिली यादी या आकड्यांपासून सुरू होते.

काम थोडक्यात असं : कंपनी लेखी सांगते, आणि मी तिच्या ईमेलच्या, व्हीपीएनच्या, सर्व्हरच्या लॉगिनवर कच्चे पासवर्ड लावून बघतो. हल्लेखोर जे करेल तेच, फक्त परवानगीने. तो कागद नसेल तर हेच काम गुन्हा ठरतं. बहारीनमध्ये २०१४ च्या ६० क्रमांकाच्या कायद्याने, आपल्याकडे २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ ने. म्हणून कोणते सर्व्हर, कोणत्या वेळात, काही बिघडलं तर फोन कोणाला, हे सगळं पत्रात लिहून घेतो. पत्रात नसलेला सर्व्हर सताड उघडा दिसला, तरी त्याला हात लावायचा नाही, फक्त कळवायचं.

इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची, त्यामुळे सुरुवात बहुधा गुरुवारी संध्याकाळी होते. एका कंपनीचा सिस्टिम ॲडमिन चिपळूणकडचा निघाला. काम सुरू करण्याआधी त्याने एकच गोष्ट बजावली : “दादा, कुणाचं खातं लॉक करू नका हां. रविवारी सकाळी सगळे माझ्याच डोक्यावर येऊन बसतील.”

त्याची भीती रास्त होती. बऱ्याच ठिकाणी पाच वेळा पासवर्ड चुकला की खातं अर्धा तास बंद. सिनेमातला हॅकर सेकंदाला हजारो पासवर्ड लावतो. ते शक्य असतं, पण चोरलेली फाइल स्वतःच्या मशीनवर असेल तेव्हा. चालू लॉगिनवर प्रत्येक प्रयत्न नेटवर्कवरून जातो, सर्व्हर त्याची नोंद करतो, मग उत्तर देतो. त्यामुळे इथे गणित उलटं मांडावं लागतं. एका खात्यावर हजार पासवर्ड लावण्याऐवजी एकच पासवर्ड सगळ्या खात्यांवर लावायचा आणि थांबायचं. चुकांचा हिशेब शून्यावर आला की दुसरा. याला स्प्रेइंग म्हणतात. हायड्रासारखं टूल एरवी वेगासाठी प्रसिद्ध; मी मात्र त्याचा वेग कमी करण्यातच जास्त वेळ घालवतो.

थांबण्याच्या वेळात उत्तरं वाचायची. ‘असा वापरकर्ता नाही’ आणि ‘पासवर्ड चुकीचा’ अशी दोन वेगळी उत्तरं मिळत असतील, तर तीच अहवालातली पहिली नोंद. कारण कोणती नावं खरी आहेत हे सर्व्हरनेच सांगून टाकलेलं असतं. आणखी एक गोष्ट मी बघत असतो. इतकी चुकलेली लॉगिन पाहून समोरून कुणाचा फोन येतो का? बहुतेकदा येत नाही.

आता शब्द कोणते लावायचे? २००९ मध्ये रॉकयू या कंपनीचे तीन कोटींहून जास्त पासवर्ड फुटले, तेही साध्या अक्षरांत साठवलेले. त्यांतून झालेली यादी आजही आमच्या धंद्यात चालते. तिच्यात सगळ्यांत वर ‘१२३४५६’. पण कार्यालयात तो चालत नाही, कारण तिथे नियम असतो : आठ अक्षरं, एक मोठं, एक आकडा, एक चिन्ह आणि दर नव्वद दिवसांनी बदल. या नियमापुढे बसलेला हिशेबनीस काय करतो? मोठं अक्षर पहिलं घेतो. शब्द देशाचा, कंपनीचा नाहीतर चालू महिन्याचा. मग ॲटचं चिन्ह, मग वर्ष. बहारीन-ॲट-चालू वर्ष. रमजान-ॲट-चालू वर्ष. नव्वद दिवसांनी शब्द तोच राहतो, शेपटीचा आकडा बदलतो. मराठी, मल्याळी, फिलिपिनो, बहारीनी, सगळे याच वळणावर येतात, कारण नियम सगळ्यांना सारखाच आहे.

हा नियम रुजला तो अमेरिकेच्या निस्ट या संस्थेच्या २००३ च्या मार्गदर्शिकेमुळे. ती लिहिणारे बिल बर यांनी २०१७ मध्ये त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा पश्चात्ताप होतो असं जाहीरपणे सांगितलं. त्याच वर्षी निस्टने सल्ला फिरवला : पासवर्ड लांब असू द्या, फुटलेल्या यादीत असेल तर नाकारा, ठरावीक मुदतीने बदलायला लावू नका.

पासवर्ड लागला, की पडद्यावर एक ओळ वेगळ्या रंगात येते. तिथे थांबायचं. वेळ टिपायची, पुरावा म्हणून पडद्याचं चित्र घ्यायचं, बाहेर पडायचं. इनबॉक्स समोर असतो. पत्रात लिहिलेलं नसेल तर तो वाचायचा नाही.

अहवाल दिला की मालकाचा प्रश्न ठरलेला : “नावं सांगा.” खात्यांची यादी मी ॲडमिनला देतो, पासवर्ड तातडीने बदलून घेण्यापुरती. वरच्या अहवालात नावं नसतात, पासवर्डही पूर्ण लिहिलेला नसतो. चार माणसांना ओरडून पुढच्या वर्षी दुसरे चार सापडतील. पासवर्ड त्यांनी टंकला असला तरी तो नियमानेच लिहून घेतलेला असतो. त्यामुळे सूचना नियमाबद्दल असतात : नव्वद दिवसांची सक्ती काढा, लांबी वाढवा, फुटलेले पासवर्ड आणि कंपनीचं नाव आधीच नाकारा, बाहेरून येणाऱ्या प्रत्येक लॉगिनला दुसरी पायरी लावा.

चिपळूणकराने हे सगळं केलं. फेरतपासणीत माझी जुनी यादी माणसांच्या एकाही खात्यावर चालली नाही. चालली ती गोदामातल्या कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरवर, कारखान्यातून आलेल्या पासवर्डने. २०१६ मध्ये मिराई या मालवेअरने असेच साठेक कारखानी पासवर्ड लावून जगभरचे लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. हा रेकॉर्डर कोणाच्या ताब्यात, असं विचारलं, तर आयटीवाले म्हणाले गोदामाच्या, गोदामवाले म्हणाले कॅमेरे बसवून गेलेल्या कंत्राटदाराच्या. तेव्हापासून माझ्या अहवालाच्या तक्त्यात प्रत्येक यंत्रापुढे एक जास्तीचा रकाना असतो : जबाबदार माणूस. तो रिकामा असेल, तर त्या यंत्राचा पासवर्ड मी सगळ्यांत आधी लावून बघतो.