पंधराव्या फ्रेटवर सूर का बसतो?

या आठवड्यात नेकच्या पाठीचा आकार घ्यायचं ठरलं होतं. तो पुढे ढकलतो आहे, कारण रेडियसवरचा लेख वाचून कोल्हापूरच्या एका वाचकाने जो प्रश्न पाठवला आहे, तो बाजूला ठेवून पुढे जाववत नाही. त्यांच्याकडे जुन्या धाटणीची, ७.२५ इंच रेडियसची फेंडर स्ट्रॅटोकास्टर आहे. (रेडियस म्हणजे फ्रेटबोर्डच्या कमानीची त्रिज्या: ती जितकी लहान, तितका बोर्ड गोल.) पहिल्या पाच फ्रेटवर बार कॉर्ड तासभर धरले तरी हात दुखत नाही. पण पहिली तार पंधराव्या फ्रेटवर दाबून पूर्ण स्वर ओढायला, म्हणजे बेंड करायला गेलं, की सूर मध्येच बसतो. दुकानात दोनदा ट्रस रॉड फिरवून झाला. फरक शून्य.

फरक पडणारही नव्हता. ट्रस रॉडने नेकच्या मधल्या भागाचा बाक बदलतो. पंधराव्या फ्रेटच्या पुढचा भाग बॉडीला घट्ट जोडलेला असतो. तिथे त्या रॉडची मात्रा चालत नाही.

खरं कारण कमानीत आहे. नटपाशी फ्रेटबोर्ड साधारण ४२ मिलीमीटर रुंद असतो. ७.२५ इंच रेडियसला तिथे मधला भाग कडांपेक्षा सुमारे १.२ मिलीमीटर उंच येतो. गिब्सनच्या १२ इंचांना तो ०.७ येतो आणि मार्टिनच्या १६ इंचांना जेमतेम अर्धा. आकडे चिमूटभर वाटतात, पण तर्जनी आडवी ठेवून पाहा. बोट सरळ पट्टी नव्हे. पेरांच्या सांध्यांपाशी त्याला खळगे असतात आणि मधल्या तारा नेमक्या त्या खळग्यांत सापडून मुक्या होतात. गोलसर बोर्ड त्या तारा वर उचलून बोटाशी आणून देतो. क्लासिकल गिटारचा बोर्ड सहसा सपाट असतो, म्हणून ते वादक बार धरताना तर्जनी किंचित कुशीवर टाकतात. सहाव्या तारेवर अंगठा वळवून कॉर्ड धरण्याची जिमी हेंड्रिक्सची लकब प्रसिद्ध आहे. तीसुद्धा गोल बोर्डावर जास्त सुखाने जमते.

आता तीच कमान वर नेऊ. बाराव्या फ्रेटपाशी बोर्ड रुंदावतो आणि ७.२५ इंचांत मधला उंचवटा १.८ मिलीमीटरपर्यंत जातो. पहिली तार कडेला, म्हणजे उतारावर असते. ती ओढताना तुम्ही दुसऱ्या तारेला पुढे ढकलत तिला माथ्याकडे चढवता. तिचं दुसरं टोक मात्र ब्रिजच्या सॅडलवर, कडेलाच राहतं. म्हणजे तार आता माथ्यापासून उताराच्या पायथ्याकडे तिरकी जाते. तार सरळ, बोर्ड फुगीर. सतराव्या-अठराव्या फ्रेटचा फुगवटा तिच्या वाटेत येतो, तार त्यावर टेकते आणि सूर बसतो.

मग जुने वादक एवढे बेंड कसे घेत? ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, जास्त ठेवून. स्टीव्ही रे वॉनच्या तारा जाड होत्या आणि फ्रेटपासून चांगल्याच वर होत्या. त्या उंचीने तारेला कमान ओलांडायला जागा मिळते. पुढे त्याच्या नावाने फेंडरने स्ट्रॅट काढली, तिला १२ इंच रेडियस दिला. फेंडरची मुख्य गिटारही १९८७च्या सुमारास ९.५ इंचांवर आली. ती तडजोड मला आजही सगळ्यांत शहाणी वाटते.

पण तडजोडीपलीकडचाही एक रस्ता आहे आणि तो तारांच्या मांडणीतच आहे. नटपाशी सहा तारा सुमारे ३५ मिलीमीटरांत मावतात, ब्रिजपाशी ५० च्या पुढे पसरतात. अशा फाकत जाणाऱ्या तारांखाली सरळ नळीचा तुकडा बसवणं हेच मुळात विजोड आहे. तिथे हवा शंकू. भेळेचा कागदी पुडा घ्या: टोकाशी गोल, तोंडाकडे सपाट होत जाणारा, आणि टोकापासून तोंडापर्यंत कुठेही काढलेली रेघ सरळच. कंपाउंड रेडियस म्हणतात तो हाच. जॅक्सनच्या अनेक गिटारींवर तो १२ ते १६ इंच आहे, फेंडरच्या अमेरिकन एलिटवर ९.५ ते १४ होता. खाली कॉर्डला गोलाई मिळते, वर बेंडला सपाटी.

म्हणून कोल्हापूरकरांनी नेक बदलायची घाई करू नये. आधी रेडियस गेज घेऊन सॅडलची उंची पाहावी. तारांची कमान बोर्डाच्या कमानीशी जुळत नसेल, तर पहिली तार विनाकारण खाली बसलेली असू शकते. ती पाव मिलीमीटर उचलून पुन्हा ओढून बघावी. तरीही सूर बसला, तर चांगल्या कारागिराकडून बाराव्याच्या पुढच्या फ्रेटचा मधला भाग किंचित घासून घ्यावा. लाकूड तसंच राहतं, फक्त फ्रेटच्या माथ्यांवर कंपाउंड रेडियस तयार होतो. मात्र फ्रेट आधीच झिजून बुटके झाले असतील, तर घासायला धातूच उरलेला नसतो. तेव्हा नवे फ्रेट बसवतानाच हे काम सांगावं.

स्लाइड वाजवणाऱ्यांचं गणित वेगळंच आहे. त्यांची काचेची नळी सरळ असते, त्यामुळे गोल बोर्डावर ती मधल्या तारा दाबते आणि कडेच्या सोडते. नेकच्या पाठीआधी पुढच्या आठवड्यात तेच घेईन.