रक्त निगेटिव्ह, तरी फिट का येते?

पनवेलच्या वस्त्यांत फिट येणाऱ्या मुलाच्या घरी गेलो की आम्हाला दोन गोष्टी हमखास दिसतात. उशाशी हुंगवायला कांदा नि चप्पल, आणि पिशवीत रक्ताचा महागडा रिपोर्ट. कांदा-चप्पल आधी बाजूला ठेवा. फिट आली की मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. आता रिपोर्टबद्दल.

पट्टकृमीची अंडी पोटात गेली की त्यातून निघालेली अळी रक्तातून मेंदूत पोचते. तिथे गाठ होते आणि फिट येते. याला न्यूरोसिस्टिसरकोसिस म्हणतात. अळीशी लढायला शरीर रक्तात अँटिबॉडी तयार करतं. ही रक्ततपासणी अळी शोधत नाही, अँटिबॉडी शोधते. घोळ इथेच होतो.

मेंदूत दोन किंवा जास्त जिवंत गाठी असतील, तर इम्युनोब्लॉट ही चाचणी सहसा चुकत नाही. पण भारतात पुष्कळ रुग्णांना एकच गाठ असते, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचा रिपोर्ट निगेटिव्ह येतो. उलट, अळी मेल्यावरही अँटिबॉडी बराच काळ राहतात. साधी एलायझा चाचणी तर दुसऱ्या जंतांमुळेही पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून मेंदूचं निदान मुख्यतः सिटी स्कॅन आणि एमआरआयवर होतं, रक्त फक्त जोडीला. पोटातल्या पट्टकृमीसाठी शौचाची तपासणी करतात.

“डुक्कर खाता, म्हणून झालं,” हा टोमणा आपल्या माणसांनी फार ऐकला. अर्धवट शिजलेल्या डुकराच्या मांसाने पोटात पट्टकृमी होतो, हे खरं. पण मेंदूतली गाठ होते ती अंड्यांमुळे, आणि अंडी येतात पट्टकृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून, हाताला, पाण्याला, भाजीला लागून. न्यूयॉर्कमधल्या डुक्कर न खाणाऱ्या ज्यू वस्तीत असे चार रुग्ण सापडल्याचं 1992 साली प्रसिद्ध झालं. आजार ताट बघून येत नाही.

तेव्हा रक्तावर पैसे घालण्याआधी डॉक्टरांना विचारा, “आधी स्कॅन करायचा का?” सरकारी रुग्णालयातून सुरुवात करा. फिटची गोळी मनाने बंद करू नका. मेंदूत गाठ असताना जंताचं औषध स्वतःहून घेऊ नका. अळी मरताना मेंदूला सूज येऊन फिट वाढू शकते.

मांस पूर्ण शिजवा, भाजी धुवा, संडासहून आल्यावर साबणाने हात धुवा. आणि चालू स्थितीतले संडास व स्वच्छ पाणी महानगरपालिकेकडे लेखी मागा. तो आपला हक्क आहे.